मधला कागद

आमच्या कारखान्यात दोनशे माणसं होती आणि त्या दोनशेजणांच्या वाटची काळजी एकटे अंबादास अन्ना करत असत. बाकीच्यांना त्यामुळे फार बरं पडे. पावसाळ्यात पत्रा गळेल, उन्हाळ्यात एसी बंद पडेल, जनरेटरचं डिझेल संपेल, कंटेनर बंदरात अडकेल, या सगळ्याची काळजी कुणीतरी करतंय म्हटल्यावर आपण निवांत चहा प्यावा, असं आमचं चाललेलं असे.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. मी तिथं निर्यातीच्या कागदपत्रांचं काम बघते, आणि अन्ना मेलचा सर्व्हर बघत. बघत म्हणजे अगदी डोळ्यांनी बघत. कारखान्याच्या सगळ्या मेल ज्या काळ्या पेटीतून ये-जा करायच्या, त्या पेटीसाठी जिन्याजवळ एक छोटी खोली होती. दिवसातून चार-पाच वेळा अन्ना त्या खोलीत जाऊन नुसते उभे राहायचे, आजारी माणसाच्या उशाशी उभं राहावं तसे. "एमैंदी?" असं तिला विचारायचे. तेलुगूत म्हणजे, काय झालं? पेटी अर्थातच काही बोलत नसे. मग दोन्ही हात खांद्यावरच्या टॉवेलला पुसून बाहेर यायचे. तो टॉवेल आमच्याच कारखान्यातला, काठ तिरका गेल्यामुळे बाजूला काढलेला. अन्नांच्या हातांना सतत घाम यायचा, जानेवारीतसुद्धा.

उंच, किडकिडीत माणूस. पँट जरा जास्तच वर बांधलेली. खोलीची किल्ली जानव्याला. शर्टाची दोन बटणं सोडायची, जानवं ओढून बाहेर काढायचं आणि कुलपापुढं कमरेत वाकून किल्ली फिरवायची. पाहुण्यांना वाटायचं हा माणूस दाराला नमस्कार करतोय. "अन्ना, कीचेन घ्या की एखादं," मी एकदा म्हटलं. "खिशातली किल्ली पडती अम्मा. जानवं पडतंय का?" ते म्हणाले.

मी त्यांच्या मुलीच्या वयाची. त्यांच्याकडं, तेलुगू घरांत, मुलींना अम्मा म्हणतात, म्हणून मी अम्मा.

अन्नांचं घर भवानी पेठेत. वडील विणकर. अन्ना स्वतः तरुणपणी जॅकार्डचे पुठ्ठे पंच करत. चादरीवरचा मोर मागाला आपला आपण येत नाही. पुठ्ठ्यांच्या माळेवर भोकं पाडलेली असतात, त्या भोकांच्या हिशेबानं धागे उचलले जातात आणि मोर उतरतो. एकदा अन्नांच्या हातून एक भोक पाडायचं राहिलं. एकच. पण ते नेमकं मोराच्या डोळ्याचं. कुणाच्या लक्षात येईपर्यंत चाळीस चादरी विणून झाल्या होत्या आणि चाळीसच्या चाळीस मोर आंधळे निघाले. त्यातली एक चादर अन्नांनी घरी नेली आणि आयुष्यभर तीच अंगावर घेतली. पुढं कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा आमचे मालक त्यांना म्हणाले, "अन्ना, तुमी भोकं पाडता. ह्याच्यात बी आत सगळी भोकंच असतात म्हणे. तुमीच बघा." अशी त्यांची नेमणूक झाली. बाकी सगळं ते पुस्तकांतून, फोनवरून आणि घाबरत घाबरत शिकले.

मी नवी असताना एके दिवशी अन्नांचा चेहरा उतरलेला दिसला. विचारलं तर म्हणाले, "सर्टिफिकीट संपायलंय."

"कसलं सर्टिफिकेट?"

"तू उत्पन्नाचा दाखला काढलीस का कधी?"

"काढलाय की."

"तुझं उत्पन्न किती, ते तू सांगून कोण ऐकतंय का? न्हाय. तलाठी लिहून देतो. तलाठी कोण? त्याला तहसीलदार वळखतो. तहसीलदाराला सगळी दुनिया वळखती. आपलं मशीन बी तसंच. मी सोलापूरच्या कारखान्याचं मशीन हाय म्हणून हितनं वरडलं तर तितलं मशीन म्हणतंय, दाखला दाव. मग आपला एक कागद. त्याच्यावर सही करणाऱ्या मधल्याचा एक कागद, त्यो तलाठी. वरचा मोठा साहेब तर त्यांच्याकडं आधीच म्हाईत असतोय. एवढं दावलं की मशीन म्हणतंय, या, बसा, आणि मग दोघांचं बोलणं कुलूपबंद चालतंय. दाखला वर्षभर चालतो. वर्ष संपलं की..."

"की काय?"

"आपण कोणच न्हाय."

हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मलाच क्षणभर आपण कोणी नाही असं वाटलं.

दाखला संपायची तारीख ते कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवत आणि दोन महिने आधीपासून त्या गोलाकडे बघत बसत. त्यांच्या घरच्या, पद्मा अक्का, म्हणायच्या, "आमच्या घरात गणपती, दसरा, दिवाळी आणि सर्टिफिकीट असे चार सण. चौथ्याला फक्त उपास असतो." एका वर्षी त्याच दिवसांत सगळं घर बालाजीला निघालं. अन्नाही निघाले. गाडी सुटली, आणि होटगी येईपर्यंत त्यांच्या मनात आलं की खोलीतला एसी आपण चुकून बंद तर केला नाही? झालं. बाकीचं घर बालाजीला गेलं आणि अन्ना होटगीला उतरून, मिळेल त्या वाहनानं कारखान्यात आले. एसी चालू होता. आमचा वॉचमन सांगतो, अन्नांनी त्या खोलीतच भिंतीकडं तोंड करून बालाजीची माफी मागितली.

खंडेनवमीला कारखान्यात माग बंद असतात. सगळे माग पुसून, हळदी-कुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून पूजा होते. त्या दिवशी अन्नांची कुचंबणा बघण्यासारखी असे. पेटीची पूजा तर झालीच पाहिजे, पण हळद आत गेली तर? कुंकू उडालं तर? अक्षतांचा एखादा दाणा पंख्यात अडकला तर? शेवटी ते दाराबाहेर पाट मांडत, त्यावर सुपारी ठेवून पूजा करत, आणि आतल्या पेटीला चार हातांवरून फक्त नमस्कार. शिवाय तिला बंदही ठेवता येत नसे, कारण परदेशात नवमी नसते. "सगळ्यांना सुट्टी, तुला न्हाय. माफ कर गं," असं तिला मराठीत सांगत. आम्ही मागं उभं राहून तोंडावर पदर-रुमाल धरून हसायचो. मीसुद्धा हसायचे. हे लिहिताना ते आठवतं आणि चांगलं वाटत नाही.

रोज काळजी करणाऱ्या माणसाची काळजी हळूहळू कुणी मोजत नाही. अन्ना घाईघाईनं येताना दिसले की कुणीतरी म्हणायचंच, "काय अन्ना, आज काय बुडालं?" लांडगा आला रे आला अशी त्यांची गत झाली होती. मालकांचा मुलगा पुण्याहून शिकून आला, त्याला आम्ही धाकटे मालक म्हणायचो. त्याचं म्हणणं एकच. ही पेटी भंगारात द्या, बाहेरच्या कंपनीकडं मेल सोपवा, वर्षाला रक्कम टाका आणि विसरून जा. मालक म्हणायचे, "चाललंय ते चालू दे. अन्ना हायत की." अन्ना हायत, एवढ्यावर ती पेटी टिकून होती, आणि अन्नांना ते माहीत होतं. पेटीला काही झालं की त्यांचं संपलं.

आता त्या वर्षाचं सांगते.

सर्टिफिकेट बसवायचं ते रविवारी दुपारी, कारखाना बंद असताना. मला बोलावलं होतं, कारण बसवून झाल्यावर माझ्या कॉम्प्युटरवरून मेल जाते-येते का ते बघायचं असे. अन्नांनी दाराबाहेर चपला काढल्या. सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीकडून आलेली फाइल उघडली, नवा कागद जुन्याच्या जागी ठेवला आणि पेटीला परत चालू केलं. माझ्या पडद्यावर छोटं कुलूप आलं, म्हणजे दाखला मान्य. हिशेबनिसाच्या कॉम्प्युटरवर आलं. धाकट्या मालकांना फोन केला, त्यांच्या मोबाइलवरही आलं. मुंबईच्या एजंटला मेल गेली, त्याची परत आली. अन्नांनी टॉवेलनं तोंड पुसलं आणि डबा उघडून कडक भाकरी आणि शेंगाचटणी अगदी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. दोन महिन्यांत त्यांना असं जेवताना मी पाहिलं नव्हतं.

सोमवारी दुपारी जर्मनीची मेल आली नाही.

आमची निम्मी शेड तिकडच्या एकाच गिऱ्हाइकावर चालायची. तिथल्या खरेदीच्या बाई, ऊटेबाई, घड्याळ लावल्यासारख्या रोज आपल्या दुपारी एकच्या सुमाराला, म्हणजे तिकडच्या सकाळी, मेल टाकायच्या. नमुना बघितला, रंग पसंत नाही, अमुक कागद पाठवा, काही ना काही. आणि त्या आठवड्यात पुढच्या सगळ्या हंगामाची ऑर्डर यायची होती. ती आली की ऐंशी मागांना वर्षभर काम. नाही आली तर तेवढ्या मागांवरची माणसं घरी बसणार होती. ही गोष्ट शिपायापासून मालकांपर्यंत सगळ्यांना माहीत होती.

"आली का?" अन्नांनी दीड वाजता विचारलं.

"नाही अजून."

"आली का?" दोन वाजता. अडीच वाजता. तीनला ते नुसतेच येऊन दारात उभे राहिले आणि माझी मान हललेली बघून परत गेले.

मंगळवारीही मेल नाही. बाकी सगळं सुरळीत. मुंबईच्या मेल येत होत्या, सुताच्या व्यापाऱ्यांच्या येत होत्या, नको त्या जाहिरातीही येत होत्या. धाकटे मालक म्हणाले, "सुट्टी असेल त्यांना. युरोपात काही ना काही असतंच." मालकांनी मान डोलावली. मी दोन मेल पाठवल्या होत्या, त्या गेल्या होत्या, परत आल्या नव्हत्या, म्हणजे पोचल्या असणार. उत्तर मात्र नाही.

अन्ना मंगळवारी जेवले नाहीत. पेटीपुढं जाऊन उभे राहत, बाहेर येत, परत आत जात. त्यांच्या हातातला टॉवेल पिळून काढावा इतका ओला झाला होता. मी वैतागले. "अन्ना, कुलूप दिसतंय ना सगळ्यांना? मग कशाला जिवाला घोर लावून घेताय? मलाही कामं करू द्या की!" मी जरा मोठ्यानंच बोलले. ते निघून गेले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं तर काळजी मलाही होतीच. एक दिवस सुट्टीवर गेल्या तरी ऊटेबाई आधी तीनदा कळवणाऱ्या होत्या.

बुधवारी दोन वाजून गेले. अन्ना आले आणि माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"अम्मा, फोन लाव."

"कुणाला?"

"त्या बाईंना."

गिऱ्हाइकाला थेट फोन करायचा तो फक्त मालकांनी, असा आमच्याकडं दंडक. "मालकांना विचारू?" मी म्हटलं.

"मालक म्हणतील, सुट्टी हाय." त्यांनी फोन माझ्यापुढं सरकवला. "तू लाव. ओरडले तर म्हण, अन्नांनी सांगितलं."

मी लावला. माझं इंग्रजी लिहिण्याचं, बोलण्याचं नाही, त्यामुळे ततपप होत होतं. ऊटेबाई ताडकन म्हणाल्या, तुम्ही आहात तरी कुठं? तुमच्या मेल मिळतात, पण सोमवारपासून तीन वेळा ऑर्डर पाठवली आहे, तिन्ही वेळा परत आली. आमच्या दुपारी बाराला मीटिंग आहे. तोपर्यंत तुमची लेखी मान्यता आली नाही तर ऑर्डर दुसऱ्याला जाईल. आता इथं काही माझ्या हातात नाही.

त्यांचे बारा म्हणजे आपले साडेतीन. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"माझ्या घरच्या मेलवर पाठवता का?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, परवानगी नाही. नोंदलेल्या पत्त्याशिवाय कागद बाहेर जात नाहीत आणि आत येत नाहीत, या महिन्यापासून नियम कडक झाला आहे. परत आलेल्या मेलवर काय लिहिलं आहे, ते वाचून दाखवा म्हटलं. त्यांनी वाचलं. मी लिहून घेतलं आणि अन्नांना मराठीत सांगितलं, "तुमच्यासाठी कोण साक्ष देतंय ते आम्हाला पडताळता येत नाही, असं त्यांचं मशीन म्हणतंय."

अन्नांनी डोळे मिटले. मला वाटलं त्यांना चक्कर येतेय, म्हणून मी खुर्ची पुढं ओढली. पण ते बसले नाहीत.

"तलाठी बदलला," ते म्हणाले.

मग जवळजवळ धावतच खोलीकडे गेले. मी मागोमाग. दाराशी वाकून किल्ली फिरवताना ती दोनदा निसटली. आत त्यांनी रविवारची ती फाइल पुन्हा उघडली आणि मला म्हणाले, "वाच. माझं डोस्कं चालंना. मधल्या कागदावर नाव काय लिवलंय?" मी वाचलं. "आता आपल्या मशीनमधल्या मधल्या कागदावर काय हाय?" मी वाचलं. दोन्ही वेगळी होती.

घोडं तिथं पेंड खात होतं. सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीनं त्या वर्षी मधला सही करणारा बदलला होता, आणि नव्या मधल्याचा कागदही फाइलमध्ये घालून दिला होता. अन्नांनी आपला कागद तेवढा नवा घेतला आणि मधला गेल्या वर्षीचाच राहू दिला. असं का केलं, ते त्या गडबडीतही त्यांनी मला सांगितलं, मला नव्हे, बहुतेक स्वतःलाच. मागावरचा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपला की जुने धागे उपटून टाकत नाहीत. फणीतली जुनी टोकं तशीच ठेवायची, नव्या बीमचा एकेक धागा त्यांना गाठ मारून सांधायचा आणि हळूच ओढून घ्यायचा. जुन्याला धक्का लावायचा नाही, ही सांधणीची रीत. "बा सांगायचा, जुनं टोक हातात हाय तवर भ्यायचं न्हाय. मी हितं बी तेच करायलोय, इतकी वर्सं." इतकी वर्षं मधला बदलला नव्हता, म्हणून ते चाललंही होतं.

"मग आपल्याला कसं कळलं नाही? कुलूप तर दिसत होतं."

"आपली मशिनं घरची. नवा तलाठी त्यांनी कुटं तरी आधी बघितला असंल, त्यांनी आपलं सांभाळून घेतलं. मुंबईवाले तर दाखला बघतच न्हाईत. बघणारा परका कशाला सांभाळून घेईल?"

नवा मधला कागद त्यांनी जागेवर ठेवला. आता पेटी बंद करून परत चालू करायची होती. तेवढा वेळ कारखान्याची सगळी मेल बंद राहणार. त्यांनी बटण दाबलं आणि पेटीवरचे दिवे विझले. लगेच वरून धाकट्या मालकांचा आवाज आला, "अन्ना! मेल बंद पडली! काय चाललंय?" अन्नांनी ऐकलं नाही. ते ओठ हलवत आकडे मोजत होते. एरवी तीनशेच्या आत पेटी चालू होते, हे मला माहीत होतं. तीनशे झाले. साडेतीनशे झाले. चारशेला त्यांनी मोजणं सोडलं आणि माझ्याकडं बघितलं. त्या माणसाचा तसा चेहरा मी कधी बघितला नव्हता. एरवीची त्यांची काळजी म्हणजे नुसती भुणभुण होती. हे वेगळं होतं. त्यात ऐंशी माग होते, त्यांवरची माणसं होती, आणि त्यांतल्या कित्येकांना अन्ना लहानपणापासून नावानं ओळखत होते.

"अम्मा, मी घालवलं गं सगळं," ते म्हणाले.

मी त्यांचा हात धरला. तो गारठला होता.

मग हिरवा दिवा लागला. एक, आणि दुसरा.

मी पळत जाऊन ऊटेबाईंना फोन लावला. पाठवा, परत पाठवा. त्यांनी पाठवते म्हटलं. दोन वाजून पन्नास झाले होते. तीन वाजले. आम्ही दोघं माझ्या पडद्यापुढं बसलो होतो. तीन वाजून चार मिनिटांनी ऑर्डर आली. मी ती छापून घेतली, मालकांपुढं ठेवली, त्यांनी सही केली, स्कॅन करून परत पाठवली, आणि तीन पंचवीसला बाईंचं उत्तर आलं. मिळाली. धन्यवाद.

मालकांना वाटलं ऑर्डर रोजच्यासारखीच आली. धाकटे मालक म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं? सुट्टी होती." मेल मध्येच बंद का पडली, हे त्यांच्या डोक्यातून गेलंही होतं. सगळं जिथल्या तिथं बसलं होतं. मी अन्नांना म्हटलं, "चहा सांगू?"

"मालकांना सांगून येतो," ते म्हणाले.

"काय सांगून?"

"माझी चूक झाली म्हणून."

"अन्ना, वेड लागलंय का? झालं की सगळं नीट! कुणी विचारलंय का तुम्हाला? धाकटे मालक टपून बसलेत. तुम्ही सांगितलंत की ती पेटी गेली. मग?"

"व्हय," ते म्हणाले. "जाईल की." आणि शर्टाची बटणं नीट लावून, टॉवेल माझ्या खुर्चीवर ठेवून वर गेले.

केबिनचं दार अर्धवट उघडं होतं. मी जिन्यात उभी राहून ऐकलं, लाज वाटत होती तरी ऐकलं. अन्नांनी सोमवारपासूनचं सगळं सांगितलं. आपलं म्हणून जेवढं होतं तेवढं सगळं, माझा फोनसुद्धा त्यांनी आपल्याच अंगावर घेतला. मालक रागावले असते तर बरं झालं असतं. ते फार मायेनं बोलले. "अन्ना, बसा की. पाणी प्या. आमचंच चुकलं. ह्या वयात तुमच्यावर लई ओझं टाकलं आमी. आता तुमी ह्यातनं मोकळे."

मोकळे. मी जिन्यातच खाली बसले.

पुढच्या दोन महिन्यांत मेल बाहेरच्या कंपनीकडं गेली. एकेकाच्या जुन्या मेल तिकडं हलवायचं काम अन्नांनीच केलं, आणि एकही मेल हरवू दिली नाही. शेवटच्या दिवशी पेटीची वायर त्यांनी स्वतः काढली. पंख्याचा आवाज थांबला तेव्हा, इतकी वर्षं तो आवाज होता हेच आम्हाला पहिल्यांदा कळलं. मालकांनी त्यांना शाल-नारळ दिलं, पगार चालू ठेवतो म्हणाले. अन्ना आठ दिवस आले, रिकाम्या खोलीशेजारी खुर्ची टाकून बसले, आणि नवव्या दिवसापासून आले नाहीत. पद्मा अक्का एकदा मंगळवारच्या बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "आता सगळे दिवस सारखेच जेवतात. जेवतात म्हंजे, बसतात ताटावर."

त्यानंतर मी अन्नांना एकदाच पाहिलं. पेटी गेल्याला वर्ष होत आलं होतं. सकाळी अकराच्या सुमाराला ते ऑफिसात आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. खूप वाळले होते. माझ्या टेबलासमोर बसले, पाणी नको म्हणाले.

"अम्मा, आज तारीख हाय," ते म्हणाले.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. सर्टिफिकेटची तारीख. "अन्ना, ते आता आपल्याकडं नाही. त्या कंपनीकडं आपोआप होतं."

"आपोआप म्हंजे कोण करतं?"

"म्हणजे... होतं ते. कुणी करावं लागत नाही."

त्यांनी माझ्याकडं टक लावून बघितलं. खिजवायला विचारत नव्हते. त्यांना खरोखरच माणूस हवा होता, ज्याला ती तारीख ठाऊक आहे आणि ज्याला आज जेवण जाणार नाही असा एक माणूस. कुठल्या शहरात का असेना. असा कुणी नाही, हे मला त्या क्षणी कळलं, आणि ते त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

"मी करते, अन्ना," मी म्हटलं. "मीच बघते ते."

"मधला कागद बी?"

"मधला पण. फाइलमध्ये येतो तोच घेते. परक्याकडून मेल मागवून बघते."

त्यांनी मान हलवली. दोन्ही हात टेबलावर टेकून सावकाश उठले. "मग बरं झालं," म्हणाले, आणि जिना उतरून गेले. खिडकीतून मला ते फाटकापाशी दिसले. वॉचमननं उठून नमस्कार केला, त्यांनीही केला, आणि अक्कलकोट रस्त्याच्या उन्हात ते रिक्षाला हात करत उभे राहिले. रिक्षा मिळेपर्यंत मी बघत होते. पुढं श्रावणात ते गेले.

मी त्यांना खोटं सांगितलं होतं. माझ्या हातात त्या मेलचा साधा पासवर्डही नव्हता. रिक्षा वळून दिसेनाशी झाल्यावर मी वर धाकट्या मालकांच्या केबिनमध्ये गेले, खुर्चीवर बसले आणि म्हटलं, "त्या मेलच्या कंपनीत आपलं काम कोण बघतं, त्याचं नाव आणि फोन मला पाहिजे. आत्ताच पाहिजे."